भारतातली आजी

त्या पोराला त्रिशलाबाई 'बाजूला हो की रे' म्हणाल्या होत्या. मनात नव्हे, मोठ्यानं. आतल्या खोलीत चष्मा शोधणाऱ्या धन्यकुमारांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, पुढ्यात निवडायला घेतलेली मेथी, आणि पडद्यावर ॲडलेडच्या नदीकाठची बाग. सांगलीत साडेनऊ, तिकडं अडीच. युवराज टोबियास, युवराणी मारेन, पाच वर्षांचा एमिल आणि कडेवरची लोटा. उत्तरेकडचा एक एवढासा थंड देश, नकाशात बोटाखाली झाकला जाईल असा. तिथल्या राजघराण्यातल्या या चौघांचा हा पहिलाच मोठा परदेश दौरा होता आणि त्याचे सोळाही दिवस त्रिशलाबाईंनी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवले होते. आजचा नववा. एमिल आज पहिल्यांदाच आईचं बोट सोडून लोकांकडं निघाला होता, आणि नेमकं तेव्हाच गर्दीतलं एक सावळं पोर दोरीखालून पुढं आलं. त्यानं हातातलं फूल युवराणीपुढं धरलं. ती वाकली तसा एमिल तिच्यामागं गेला, दिसेनासा झाला. पोर तेवढ्यावर थांबलं नाही. कॅमेऱ्याकडं वळून ते हात हलवत राहिलं, दोन्ही हात, सगळा पडदा अडवून. "कुणाचं पोर हे? बाजूला हो की रे, दिसू दे जरा." धन्यकुमारांनी आतून विचारलं, "कुणाशी बोलालीस?" त्या म्हणाल्या, "एमिल झाकला गेला हो." चष्मा सापडला असावा. बाहेर येताना ते हसत होते. "बघ, सापडंल तो बी." मग चप्पल घालून ते मार्केट यार्डात गेले, हळदीच्या सौद्यांना. दिवसच हळदीचे होते, त्यांचे शर्ट धुतले तरी पिवळे राहायचे.

पावणेअकराला ॲडलेडहूनच लेकीचा, सुंदरीचा, मेसेज आला. 'आई, दिसला का? मारेनशी बोलला तो. फूल आपल्या बागेतलं होतं.'

त्याच्यावर, काल संध्याकाळचा, आणखी एक होता. तो काल आला तेव्हाच त्यांना कळला होता. सुंदरी हे नाव आणि पुढं एकाचा आकडा. पण सुंदरीचे मेसेज त्या लगेच उघडायच्या नाहीत. घरात कुणी नसताना, हात कोरडे करून, खुर्चीत बसून उघडायच्या, वाचायच्या आणि ठेवून द्यायच्या. वर्षातनं तीनचार यायचे. काल मात्र दुसऱ्या दिवशीच्या बागेच्या कार्यक्रमाची वेळ पुन्हापुन्हा लावून बघण्यात तो राहूनच गेला. आता उघडला. 'आई, उद्या ते आमच्या गावात येणार. तुला आवडतात म्हणून मी रजा टाकलीय. आम्ही दोघं पुढं उभे राहू. त्याला सांगितलंय, आजी तिकडून बघते, कॅमेरा दिसला की तिला हात कर. बघशील ना?'

मेथी तशीच राहिली. त्रिशलाबाई उठल्या, नळ सोडला, हात धुतले, पुन्हा धुतले. हात मळलेले नव्हते. मग त्यांनी सकाळचं चित्रण पुन्हा लावलं आणि फूल पुढं आलं तिथं थांबवलं. सावळं, असं त्यांना सकाळी वाटलं होतं. आता ते गव्हाळ दिसत होतं, त्यांच्या स्वतःच्या हातासारखं. कपाळ रुंद. डावी भुवई उजवीहून जरा वर. धन्यकुमारांचं असंच होतं. सुंदरी लहानपणी रुसली की असंच व्हायचं. हे सगळं सकाळीही इथंच होतं, एवढंच मोठं, एवढंच स्वच्छ, आणि त्यांनी एमिलच्या बुटाचा रंगसुद्धा पाहून घेतला होता. त्यांनी सुंदरीचे जुने मेसेज वर सारत नेले. फोटोंचे धुरकट चौकोन एकाखाली एक. फोटो उतरवून घ्यायला त्यावर बोट ठेवावं लागतं. बाळंतपणातला एक सोडला तर त्यांनी कधी ठेवलं नव्हतं. बघितलं तर गुंतू, असं तेव्हा वाटायचं. आता त्या एकेका चौकोनावर बोट ठेवू लागल्या, आणि मोबाईल एकेकाबद्दल सांगू लागला की हे आता मिळणार नाही, पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा. पाच वर्षं धुरकट राहिली. एका चौकोनात काहीतरी लाल होतं, सायकल असेल. एकात नुसतं हिरवं.

सहा वर्षांपूर्वी सुंदरीनं पुण्याहून फोन करून सांगितलं होतं की ती आणि वीरधवल साताऱ्यात नोंदणी करून लग्न करतायत. वीरधवल तिच्याच कंपनीतला, साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदाराचा मुलगा, आपल्यातला, म्हणजे जैनांतला, नव्हे. धन्यकुमार ओरडले नाहीत. "बरं," एवढं म्हणाले आणि जेवून यार्डात गेले. दुसऱ्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नाही. त्याच आठवड्यात, शनिवारी, त्रिशलाबाई मोबाईलवर काहीतरी चाळत असताना मारेनचं लग्न लागलं होतं. थंड देशातलं चर्च, पायऱ्यांवर बर्फ, आणि नवरीची आई, शाळेत शिकवणारी साधी बाई, मुलीच्या झग्याची चुणी सारखी करत होती. त्रिशलाबाईंना रडू फुटलं. धन्यकुमार आले, पाहिलं, आणि काही न बोलता पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून गेले. मोबाईलमधल्या नवरीसाठी रडायला या घरात काही आडकाठी नव्हती. तेव्हापासून त्यांनी तिथंच जायला सुरुवात केली. मारेनला दिवस गेले. त्यांनी तारखा मोजल्या. एमिल झाला, त्यांनी शिरा केला, आणि धन्यकुमारांनी तो "कशाबद्दल?" असं न विचारता खाल्ला. त्याच्या अडीच महिने आधी सुंदरीला मुलगा झाला होता, तेव्हा काही केलं नव्हतं. त्या राजघराण्याच्या चाहत्या जगभरच्या बायकांचा मोबाईलवर एक गट होता, त्यात त्या शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजीत लिहायच्या. एमिलच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी राखाडी लोकरीचा स्वेटर विणून सांगलीच्या मोठ्या पोस्टातून थेट राजवाड्याला पाठवला आणि चार महिन्यांनी तिथल्या कचेरीचं छापील आभाराचं पत्र आलं. त्याचा फोटो त्यांनी गटात टाकला. खाली सही करावी तसं लिहिलं, 'भारतातली तुझी आजी'. दोनशे सत्तावीस जणींनी पसंती दिली होती.

दुपारभर त्यांनी उत्तर लिहिलं आणि पुसलं. 'मी बघितलं पण' लिहिलं, पुसलं. 'नेट गेलं होतं' लिहिलं. हे खरं मानलं गेलं असतं, मार्चात वीज जातेच. तेही पुसलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'हो, दिसला.' आणि पाठवलं. सहा वर्षांत मुलीला लिहिलेले हे पहिले दोन शब्द. लगेच वरती 'टाइप करत आहे' असं उमटलं, विझलं, पुन्हा उमटलं. 'ओळखलंस?' त्रिशलाबाईंच्या अंगठ्यानं लिहिलं, 'लगेच.' मग सुंदरीचा आवाज आला, पाठवलेला, सतरा सेकंदांचा, आणि त्यात फारसे शब्दच नव्हते. नाक ओढणं, हसणं, मागं कुठंतरी भांडं पडलं, "थांब गं आई, मला बोलताच येईना" आणि मग संपला. तो त्यांनी तीनदा ऐकला. पहिल्यांदा ऐकताना आनंद झाला होता, खोटं काय बोलायचं. पोटात गरम काही उतरावं तसा. दुसऱ्यांदा ऐकताना कळलं की हा आनंद आपला नाही, आपण दुसऱ्या कुणा बाईच्या नावावर आलेलं घेतलंय, जिनं त्याला लगेच ओळखलं होतं अशा बाईच्या.

सुंदरीनं पाठोपाठ सासूचा नंबर पाठवला. 'लीलाबाईंना तुझ्याशी बोलायचंय. कधीपासून म्हणतात.' संध्याकाळी त्रिशलाबाईंनी फोन केला आणि त्यांच्या तोंडून भलतंच निघालं, "मी उद्या साताऱ्याला येऊ का?" जेवायला वाढताना, ऊन अजून भिंतीवर असताना, त्यांनी धन्यकुमारांना सांगितलं. "उद्या साताऱ्याला जाऊन येते." ते भाकरी मोडत होते. "कुणाकडं?" "लीलाबाईंकडं." त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, वर काढला, पुन्हा बुडवला. त्रिशलाबाई उभ्याच. आता ते काही बोलतील आणि मग आपल्याला जाता येणार नाही, असं त्यांना वाटलं; वाटलं म्हणजे तसं व्हावंसं वाटलं. धन्यकुमार म्हणाले, "पाण्याची बाटली घे बरोबर. कराडच्या पुढं ऊन लागतंय." बस्स, एवढंच.

एसटीत खिडकीशी बसून त्या तेच चघळत राहिल्या. पेठ नाक्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या पुढं, बस त्यांच्यामागं खुरडत. सहा वर्षं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या की यांनी मला बांधून घातलंय. पण त्यांनी घातलं कधी? 'बोलू नकोस' कधी म्हणाले? काल सरळ जाऊ दिलं. पाच वर्षांपूर्वीही दिलं असतं कदाचित. विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर एकतर भांडण झालं असतं, नाहीतर जावं लागलं असतं, आणि जावं लागलं असतं तर सुंदरीच्या पुढ्यात बसून ऐकून घ्यावं लागलं असतं की लग्नाच्या दिवशी कचेरीच्या बाकावर ती दोन तास आईची वाट बघत होती. हे त्यांना चुलत जावेनं सांगितलं होतं. मारेन कुणाची वाट बघत नव्हती. ती आपली यायची, रोज नव्या कपड्यात, हसत. तिला दिलेल्या आशीर्वादाचं ओझं नव्हतं, कारण ती काही मागत नव्हती. कराडच्या स्थानकावर शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "लेकीकडं निघालाय काय?" आणि त्रिशलाबाई म्हणाल्या, "व्हय." दोन दिवसांतलं हे तिसरं खोटं.

गोडोलीत सुभेदारांचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात लीलाबाई उभ्या होत्या, काष्ट्याचं नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हात पिठाचे. "आवं या की! कवापास्नं वाट बघतीया." सुभेदार आकारामांनी खुर्ची पुढं केली, "नमस्कार, प्रवास ठीक झाला ना?" असं लष्करात बोलावं तसं तुटक विचारलं आणि दोघींना बोलता यावं म्हणून बाहेर झाडांना पाणी घालायला गेले. त्रिशलाबाईंनी भिंतीकडं पाहिलं. तिथं फोटो होते. धुरकट नव्हते. बाळ पालथं पडलेलं, बाळ टबात, पोर लाल ढकलगाडीवर. ती सायकल नव्हतीच. लीलाबाई कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यात कांदालसूण चालत न्हाई, सुंदरीनं सांगितलंय मला. सगळं बिगरकांद्याचं केलंय, बिनघोर जेवा. ती लगीन होऊन आली तवा म्या बी सा म्हयनं खाल्ला न्हाई, तिला एकटीला वेगळं शिजवायला नगं म्हणून." हे सांगताना त्यांना काही दाखवायचं नव्हतं. त्या कपातल्या चहावरची साय बोटानं काढत होत्या.

"परवा... काल," लीलाबाई सांगू लागल्या, "सुभेदारांनी लावून दिलं टीव्हीवर. मला कुठं जमतंय ते. आन् अतू आला की वो! दोरीखालनं! मी म्हणलं, आगं बया, धरतील त्याला पोलीस. लय हसलो आमी." मग त्या जवळ सरकल्या, खासगी काही विचारावं तसा आवाज केला. "राणीनं काय घातलं व्हतं वो? सुंदरी म्हणती तुमाला सगळं म्हाईत असतंय. शेजारच्या बाया इचारत्यात मला, आन् म्या तर बघितलंच न्हाई. पोराकडंच बघत बसले."

त्रिशलाबाईंनी सांगितलं. गुडघ्याखाली जाणारा झगा, राजापुरी हळदीच्या रंगाचा. कमरेला त्याच कापडाचा पट्टा. पुढं सहा बटणं, शिंपल्याची. कानात तिच्या आजेसासूचे मोती, ते ती परदेशातच घालते. टोपी नव्हती, कारण वारा होता. लीलाबाई "असं व्हय, असं व्हय" करत होत्या, आणि त्रिशलाबाईंचा आवाज त्यांच्याच कानाला दुसऱ्या कुणाचा वाटत गेला, एखाद्या दुकानातल्या बाईचा. बटणांपाशी त्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं. मोत्यांपाशी थांबायलाच हवं होतं.

"मी त्याला ओळखलं नाही," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालासा?"

"अतूला. कुणाचं पोर मधे आलंय म्हणाले. बाजूला हो म्हणाले त्याला. आणि सुंदरीला लिहिलं, लगेच ओळखलं."

बाहेर पाइपातनं पाणी पडत होतं. लीलाबाईंचा चेहरा बदलला नाही, नुसता थांबला. त्या हात धरतील, 'असू द्या' म्हणतील, असं त्रिशलाबाईंना वाटलं होतं. त्यासाठीच तीन तासांचा रस्ता तुडवून आपण इथं आलो, लेकीशी बोलायच्या आधी इथं बोलून हलकं व्हायला, हेही त्यांना त्याच क्षणी समजलं. लीलाबाई म्हणाल्या, "मग तिला सांगा की. मला कशापायी सांगताय?" आणि मग, जरा खालच्या आवाजात, "पोटुशी व्हती तवा रडायची वो. रोज न्हाई. पन रडायची. म्या तिची आई न्हाई, किती केलं तरी." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "आता साळंतनं आला आसंल." पुसायचं फडकं मांडीवरच ठेवून त्यांनी मोबाईल उचलला आणि लावला. विचारलं नाही.

पडद्यावर आधी छत आलं, मग नाक, मग तो. तोंडाला काहीतरी लागलेलं. "आजी! मी हितं हाय!" त्याची मराठी लीलाबाईंची होती, पुरी. रोज कुणीतरी बोलल्याशिवाय अशी मराठी येत नाही. लीलाबाई म्हणाल्या, "आरं बाळा, कोन आलंय बघ. सांगलीची आजी." मोबाईल त्यांनी त्रिशलाबाईंच्या हातात दिला. पोरानं डोळे बारीक करून पाहिलं, अनोळखी माणसाकडं मुलं बघतात तसं, आदबीनं. मग विचारलं, "तू मला बघितलंस? मी हात केला. टू हँड्स."

"बघितलं," त्रिशलाबाई म्हणाल्या. "हात केलास ते बघितलं बाळा. पण तो तूच आहेस, हे मला कळलं नाही."

"का?"

"मी तुला कधी नीट बघितलंच नव्हतं."

त्याला यात फारसं अवघड काही वाटलं नसावं. "मग आता बघ," तो म्हणाला आणि चेहरा इतका जवळ आणला की नुसता एक डोळा उरला, काळा, पापण्यांसकट, पाणीदार. तो मिटला, उघडला. "दिसला?" "दिसला रे." तेवढ्यात तो डोळा बाजूला ओढला गेला आणि सुंदरी आली. केस वर बांधलेले. गालाची हाडं वर आलेली. तिनं ऐकलं होतं.

"म्हणजे काल खोटं लिहिलंस."

"हो."

"आई, तुझ्या त्या गटात मी पण आहे. दुसऱ्या नावानं. तुझं सगळं वाचते मी. एमिलचा दात पडला तेव्हा काय लिहिलंस तेही. 'भारतातली तुझी आजी'." तिचा आवाज चढला नाही, धन्यकुमारांचाही चढायचा नाही. "मी अतूला ते वाचून दाखवायचे. नाव बदलून. आजीनं तुला लिहिलंय म्हणून."

त्रिशलाबाईंनी तोंड उघडलं. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते इतकं लहान वाटलं की म्हणवेना. तरी म्हणाल्या. सुंदरीनं ऐकून घेतलं. मागं पोर कशालातरी लाथा मारत होतं, ठक ठक ठक. "मला आज नाही जमणार आई," ती म्हणाली. "तू खरं सांगितलंस ते बरं केलंस. पण आज नाही. रविवारी कर. मी नाही करणार. तू कर." आणि पडदा काळा झाला, त्यात त्रिशलाबाईंचा स्वतःचा चेहरा आला.

लीलाबाईंनी ताट वाढलं. वांग्याची भाजी, दही, गरम भाकरी. त्रिशलाबाई जेवल्या, कारण जिथं कुणी सहा महिने कांदा सोडला होता अशा घरात अन्न टाकणं त्यांना शक्य नव्हतं. निघताना सुभेदार स्टँडपर्यंत आले आणि बस हलेपर्यंत खाली ताठ उभे राहिले.

घरी पोचल्या तेव्हा दिवस नुकता मावळला होता. धन्यकुमार बाहेरच्या खोलीत दिवा न लावता बसले होते. "चौकशी केली मी," ते म्हणाले, "तुझी राणी आज विमानानं पुढच्या गावाला गेली म्हणं." हे त्यांनी कुठून काढलं कोण जाणे, मोबाईल त्यांना नीट वापरताही येत नव्हता. त्रिशलाबाई चप्पल काढता काढता थांबल्या. बाई पुढच्या गावाला गेली, मुलं झोपली असतील, उद्या अकरावा दिवस. हे सगळं डोक्यात आपोआप हललं, सवयीनं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

"असू दे ती," त्या म्हणाल्या. "मी सुंदरीशी बोलले."

ते नाव खोलीत पडलं. धन्यकुमारांनी मांडीवरचे हात उलटे करून पाहिले. बोटांच्या पेरांत हळद होती. मग त्यांनी विचारलं, "पोराचं नाव काय ठेवलंय?" हा माणूस गेली पाच वर्षं एमिलचा दात, एमिलची शाळा, एमिलचा कुत्रा, सगळं जेवताना ऐकत आला होता, कधीकधी आपण होऊन विचारत आला होता, आणि हे त्याला विचारावं लागत होतं. विचारावं लागत होतं कारण कुणी सांगितलं नव्हतं.

"अतिशय. अतू म्हणतात."

"आपल्यातलं ठेवलंय की."

"हो."

"ठेवू दिलं तिकडच्यांनी."

"हो. चांगली माणसं आहेत." दिवा लावायला त्या उठल्या, आणि लावला नाही. "रविवारी मी फोन करणार आहे तिला. तुम्ही घरात असा नाहीतर यार्डात जावा. मी करणार."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. धन्यकुमारांनी विचारलं, "किती वाजता?"

त्रिशलाबाई हिशेब करू लागल्या. तिकडचं घड्याळ आपल्यापुढं पाच तास, हे पाठ होतं. एमिल साडेसातला झोपतो, जेवणाआधी गोष्ट ऐकतो, रविवारी उशिरा उठतो, हेही पाठ होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, भिंतीवरच्या बटणावर हात ठेवून.

"अतू कधी झोपतो," त्या म्हणाल्या, "ते विचारायचंच राहिलं."